संगमाकाठी इंजिनियर घडतो तेव्हा

वाचकहो, मृगाच्या तोंडावर गावच्या पारावर दोन विषय हटकून निघतात. एक पावसाचा आणि दुसरा पोरांच्या ॲडमिशनचा. बियाणे कुठले घ्यायचे हे जसे चार जणांना विचारून ठरते, तसेच बारावी झालेल्या पोराला कुठे घालायचे हेही ठरते. त्यात इंजिनियर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एकदम धरणावरचा साहेब, नाही तर कारखान्यातला मोठा पगारदार. बी टाकले आणि एकदम रास दिसली, असे आपले होते. पण मंडळी, पेरणी आणि रास यांच्यामध्ये खुरपणी असते, पाण्याची पाळी असते, कीड असते, रात्रीची राखणही असते. इंजिनियर होणाऱ्या पोराची ही मधली चार वर्षे कशी जातात, हे आईबापाला फारसे ठाऊकच नसते. पोरे सांगत नाहीत आणि आपल्याला विचारता येत नाही.

ती थोडीफार पाहण्याचा योग मला आला, तो असा. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे गाव बारामती तालुक्यातले, नीरेच्या डाव्या कालव्यावरचे. दहावीपर्यंत पोर मराठी शाळेत शिकली, नेहमी पहिली-दुसरी आलेली. पण पहिल्या वर्षाच्या गणिताने तिला दोनदा मागे ठेवले. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या रात्री तिने घरी फोन केला आणि एवढेच म्हणाली, "मला न्यायला या." भाऊ उसाच्या तोडीत अडकलेला. तो मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही जाऊन या. आणायची झाली तर घेऊन या, पण पोरीला रागवू नका." वहिनीने लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि दहा भाकऱ्या बांधून दिल्या. न्यायला निघालेल्या माणसाबरोबर एवढी शिदोरी कशाला, हे मी विचारले नाही. तिच्या मनात काय होते ते त्या गाठोड्यावरूनच कळत होते.

आमच्याकडून पुण्याला जायचे म्हणजे नीरा, जेजुरी, सासवड करीत जायचे. जेजुरीला एस. टी.तूनच खंडेरायाला हात जोडले. दिवे घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो. माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला येते. हडपसर मागे पडले की गर्दी सुरू होते, ती स्वारगेटपर्यंत सुटत नाही. तिथून शिवाजीनगरला जायला आता जमिनीखालची मेट्रो आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ती स्वारगेटपर्यंत सुरू झाली. जिन्यावरून खाली उतरायचे, गाडीत बसायचे आणि मुठा नदीच्या पात्राखालून पलीकडे निघायचे. वर नदी वाहते आणि खाली आपण बसलेले. शेजारी बसलेल्या म्हातारबांनी मला विचारले, "पाणी गळत न्हाई व्हय?" मी म्हटले, "कुणी तरी हिशेब केला असेल की." तो हिशेब करणारी माणसे कुठून येतात हेच तर पाहायला मी निघालो होतो.

पुतणी शिवाजीनगर स्टेशनावर घ्यायला आली होती. पाया पडली, गाठोडे हातात घेतले आणि पहिला प्रश्न केला, "काका, भाकरी आहे ना?" मुलींच्या वसतिगृहात पुरुषमाणसाला आत जाता येत नाही. दाराशी एक बाकडे असते, तिथेच भेटायचे. त्या बाकड्यावर बसून तिने अर्धी भाकरी आणि चटणी खाल्ली. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या, एक लातूरकडची आणि एक यवतमाळची. दहातल्या सात भाकऱ्या तिथेच संपल्या.

त्या तिघींनी मला आपला दिवस सांगितला. तो तुम्हीही ऐका, कारण कॉलेज कुठलेही असो, पोरांची रड थोड्याफार फरकाने हीच असते.

सकाळी आंघोळीला रांग. गरम पाणी पहिल्या दहा जणींना, बाकीच्यांना गारच. मेसमध्ये पोळी आणि बटाट्याची भाजी. बटाटा कधी वाटाण्याबरोबर येतो, कधी फ्लॉवरबरोबर, पण येतो रोजच. मग खांद्याला ड्रॉइंगशीटचे लांब नळकांडे अडकवून गर्दीच्या बसमध्ये चढायचे. एवढे मोठे नळकांडे कुणाच्या तरी डोक्याला लागतेच आणि रोज एकाची तरी बोलणी खावी लागतात. वर्गात तास सगळा इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या पोराला बल, दाब, ताण, जोर हे सगळे ठाऊक असते, पण इंग्रजी नावाने ते समोर आले की परके वाटते. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनियरिंग शिकवायला मोकळीक दिली आहे. तरी बहुतेक कॉलेजांत अजून इंग्रजीच चालते. पहिले सहा महिने पोर दुहेरी अभ्यास करते, एक विषयाचा आणि दुसरा भाषेचा.

मी ड्रॉइंगचे विचारले. मला वाटले चित्रे काढायची असतील, त्यात काय अवघड! पुतणी हसली. तिने वहीच्या पानावर आपल्या बैलगाडीचे चाक काढले. आधी समोरून दिसते तसे, मग त्याच्या खाली वरून पाहिले तर कसे दिसेल तसे, आणि शेजारी बाजूने दिसेल तसे. म्हणाली, "काका, ज्याने आयुष्यात बैलगाडी पाहिली नाही, त्या माणसाला हा कागद दिला तर त्याला हेच चाक बनवता आलं पाहिजे. एक रेघ चुकली तर चाक बसणार नाही." वाचकहो, हे मला पटले. आपल्या सुताराच्या डोक्यात जे असते ते सुताराबरोबर जाते. कागदावर आलेले मात्र कुठल्याही गावच्या सुताराला वाचता येते.

एका शीटला रात्रीच्या रात्री जातात. म्हणून पोरांनी पळवाटही काढली आहे. काचेखाली दिवा लावायचा, वर दुसऱ्याचे पुरे झालेले शीट, त्यावर आपले कोरे, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. याला पोरे 'जीटी मारणे' म्हणतात. मास्तरांना हे ठाऊक असते, पोरांनाही ठाऊक असते की मास्तरांना ठाऊक आहे. पण परीक्षेत काच नसते आणि दिवाही नसतो. तिथे ज्याचे त्याला कळते.

वर्कशॉपची गोष्ट याहून गमतीची. अंगात खाकी डगला घालून लोखंडाची एक पट्टी कानशीने घासायची. चारही कोपरे काटकोनात आले पाहिजेत. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. पुतणीने हात पुढे केला, बोटांच्या मुळाशी घट्टे होते. यवतमाळची मुलगी म्हणाली, "आमच्या आईनं घट्टे पाहिले अन् रडलीच. म्हणे, हे सुटावं म्हणून तर तुला शिकायला धाडलं!" आम्ही सगळे हसलो. पण खरे सांगू, कापूस वेचून झालेल्या आईच्या हाताला आणि पट्टी घासून झालेल्या मुलीच्या हाताला एकच भाषा कळते. ज्याने स्वतः पट्टी घासली आहे तो इंजिनियर उद्या कामगाराला म्हणणार नाही की, एवढ्याला तुला दिवस कसा लागला.

आणि सत्र संपताना येते ते सबमिशन. वर्षभराच्या वह्या, प्रयोगांच्या नोंदी, शीटे, सगळे पुरे करून प्रत्येकावर सरांची सही घ्यायची. सर एका मजल्यावर, शिक्का दुसऱ्या मजल्यावर, आणि ज्या दिवशी सर भेटतात त्या दिवशी वही खोलीवर राहिलेली. आपली सुगी असते ना, ढग भरून आलेले आणि खळे उघडे, तशी ही पोरांची सुगी. त्यानंतर तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक विचारतात, "हे तू केलेस, पण का केलेस?" इथे भल्याभल्यांची बोबडी वळते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुतणी म्हणाली, "काका, न्यायचं तर उद्या न्या. आज तुम्हाला पुणं दाखवते." मीही काही बोललो नाही.

संगमाजवळ आपल्या राज्यातले सर्वात जुने इंजिनियरिंग कॉलेज आहे. पुतणीचे कॉलेज हे नव्हे, पण इंजिनियरिंग शिकणारे प्रत्येक पोर पुण्यात आले की एकदा तरी तिथे जाऊन येते. १८५४ साली सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसे तयार करायची म्हणून इथे एक वर्ग सुरू झाला. १८६६ मध्ये तो मुंबई विद्यापीठाला जोडला गेला. पुढे त्याचे नाव सायन्स कॉलेज झाले. आणि गंमत म्हणजे त्या काळात शेतीचे वर्गही याच कॉलेजात भरत. शेतकी कॉलेज वेगळे झाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे आपला शेतकी पदवीधर आणि इंजिनियर हे तसे एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ. १९११ साली त्याला 'कॉलेज ऑफ इंजिनियरिंग' हे नाव मिळाले आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. जुनी दगडी इमारत, कमानी आणि मनोरा पाहून वाटते की बांधणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पहिला धडा भिंतीतूनच द्यायचे ठरवले असावे.

मागे नदीकाठी या कॉलेजचा बोट क्लब आहे. मुळा आणि मुठा यांचा संगम जवळच. १९२८ पासून इथे 'रिगाटा' नावाचा होड्यांचा सोहळा होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी पोरे-पोरी नदीत होड्यांच्या रांगा धरतात, नाना आकार करतात, अंधार पडला की पेटत्या मशाली घेऊन खेळ होतो आणि काठावर पुणेकरांची जत्रा भरते. नदीची अवस्था आज चांगली नाही. जलपर्णी आणि शहराचे सांडपाणी यांनी तिचे पाणी नासले आहे. तरीही पोरांनी वल्ही सोडलेली नाहीत. गणिताने रडवलेले पोर संध्याकाळी चार जणांबरोबर एका तालात वल्हे मारते, तेव्हा त्याची दिवसभराची कटकट पाण्यात जाते. तालमीत गेलेल्याला किंवा भजनात टाळ धरलेल्याला हे सांगावे लागणार नाही.

पोरांची सुखे अशीच साधी असतात. पावसाळ्यात 'पुरुषोत्तम करंडक' ही एकांकिकांची स्पर्धा असते, १९६३ पासून चालत आलेली. ती नाटके करणाऱ्यांत इंजिनियरिंगची पोरे पुष्कळ. गणपतीत ढोलपथक असते. रात्री बारा वाजता अभ्यास सोडून चौघांत दोन चहा प्यायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटे सिंहगड चढायचा आणि वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायचे. लातूरची मुलगी म्हणाली, "काका, गडावरच्या भाकरीला घरच्या भाकरीची सर नाही. पण चढून गेल्यावर कुणाची तरी आई आठवते, एवढं पुरतं."

याच संगमाकाठच्या कॉलेजातून १८८३ साली एक विद्यार्थी पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. लहानपणीच त्याचे वडील गेलेले. बंगळूरला दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्याने आपले शिक्षण चालवले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याला आला. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे त्यांनी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, नंतर म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली भारतरत्न झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

नीरा कालव्यावरच्या आपल्या मंडळींना उसाचे 'ब्लॉक' हा शब्द नवा नाही. कालव्याच्या पाण्याची ब्लॉक पद्धत ही याच विश्वेश्वरय्यांची कल्पना. एकलग जमिनीचा गट ठरवायचा, त्यात ऊस आणि इतर पिके आळीपाळीने घ्यायची, म्हणजे पाणी मूठभर शेतांत न जिरता अधिक गावांना पोचते. सुरुवातीला या योजनेला विरोधही झाला. पण पाणी मोजून दिले पाहिजे ही गोष्ट त्यांनी आपल्या भागात रुजवली. आमच्या आजोबांच्या तोंडी 'ब्लॉक' हा शब्द होता. तो पुण्याच्या या दगडी इमारतीतून शिकून आलेल्या माणसाचा आहे, हे मला पुतणीने सांगितले.

दुपारी आम्ही खडकवासल्याला गेलो. पुण्याला पिण्याचे पाणी इथून जाते आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांनाही. रविवारी धरणाच्या काठाला माणसांची नुसती दाटी. कणसे भाजली जातात, कांदाभजी तळली जातात. जवळच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सिंचनाच्या लहानशा कक्षापासून त्याची सुरुवात झाली. नद्यांच्या, धरणांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहण्याचे काम तिथे चालते. खरे धरण बांधण्याआधी अंगणाएवढ्या जागेत नदी खेळवून पाहायची. बियाण्याची उगवण आपण ओल्या गोणपाटात पाहतो, त्यातलाच प्रकार.

धरणाकडे बोट करून पुतणी बोलायला लागली. "काका, १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी इथं आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरल्या पातळीच्या वर आलं की दार आपलं आपण उघडायचं, पूर ओसरला की आपलं आपण लागायचं. चौकीदार झोपला तरी दार झोपत नव्हतं. त्यामुळं भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं." मग थोडी थांबून म्हणाली, "आणि इथंच १२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत फुटलं. पहिल्यांदाच पाणी भरत होतं, सगळी कामं पुरी झाली नव्हती. त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. आमचे सर म्हणतात, शीटवरची रेघ खोडता येते, धरणावरची येत नाही."

मी विचारले, "मग त्या गणिताचं काय अडतं गं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "काका, मला येत नाही असं नाही. शाळेत गणित सुटलं की उत्तर दिसायचं. इथं पानभर चिन्हं मांडायची, पण ती कशासाठी ते दिसत नाही. मग धास्ती बसते. आणि पेपरात हात थांबतो."

मी तिला गणित काय सांगणार! मी आपला रोजचा प्रश्न विचारला. "रेडिओवर सांगतात, धरणातून इतके क्यूसेक पाणी सोडलं. माझ्या रानाला त्यातलं एक क्यूसेक दिवसभर मिळालं तर किती भिजेल?"

तिने पिशवीतून वही काढली. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे २४ तासांत ८६,४०० घनफूट, साधारण साडेचोवीस लाख लिटर. मग तिने एकराकडे मोर्चा वळवला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. जुन्या मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांचीच, तिचे सोळा आणे. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. आता भाग द्यायचा. एक क्यूसेक पाणी दिवसभर चालले तर जवळजवळ दोन एकरांत फूटभर पाणी उभे राहील. तीन इंचांची पाळी धरली तर आठ एकर भिजेल. मग आपणच खाली रेघ मारून म्हणाली, "पण काका, हे वाटेत एक थेंब मुरला नाही तर. आपल्या चारीत मुरतं, फुटतं, उन्हानं उडतं. किती मुरतं ते मोजायला जावं, तर पाण्याची उंची आणि वेग दर क्षणाला बदलतो. तो बदल जोडत जायचा..."

ती बोलता बोलता थांबली. वहीकडे पाहत राहिली. "ते हेच गणित आहे," म्हणाली. "माझं राहिलेलं."

भाजलेली कणसे थंड झाली होती. मी काही शहाणपण सांगितले नाही. परत येताना बसमध्ये तिने खिडकीकडची जागा मला दिली आणि म्हणाली, "बाबांना सांगा, मे महिन्यापर्यंत थांबते. तेव्हाही नाही सुटलं तर तेव्हा बघू. पण आज नको." मी दुसऱ्या दिवशी एकटाच परत आलो. गाठोड्याचे रिकामे फडके तेवढे बरोबर आणले. वहिनीने ते हातात घेतले आणि विचारले, "भाकरी पुरल्या का?" बाकी तिने काही विचारले नाही.

मे महिन्यात पेपर झाला आणि निकाल जूनच्या अखेरीस लागला. पोर गणितात सुटली, फार गुणांनी नव्हे, पण सुटली. त्याच वेळी दुसऱ्या वर्षाचा एक विषय मात्र राहिला. म्हणजे रानातले एक तण उपटले आणि दुसरे उगवले. पण या वेळी फोनवर "न्यायला या" असे म्हणाली नाही. "चटणी पाठवा" एवढेच म्हणाली.

आता बंधुभगिनींनो, चार कामाच्या गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरी असे पोर आहे किंवा उद्या असणार आहे, त्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

बारावीनंतर राज्याच्या सीईटी परीक्षेतून आणि कॅपच्या फेऱ्यांतून प्रवेश मिळतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. मराठी शाळेतल्या पोराला ती पुष्कळदा मानवते. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात. अटी दरवर्षी नीट वाचून घ्याव्यात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी, हे कागद निकालाची वाट न पाहता काढून ठेवावेत. ऐन गर्दीत सेतूच्या दारात उभे राहिलेल्या बापाचे हाल मी पाहिले आहेत.

आणि शेवटची गोष्ट कागदाची नाही. पोर सुट्टीला घरी आले की आपण पहिला प्रश्न करतो, "किती मार्क पडले?" आणि दुसरा, "नोकरी कितीची लागेल?" हे प्रश्न चुकीचे नाहीत. एवढा पैसा घातला तर माणूस विचारणारच. पण त्याच्याआधी एकदा विचारून पाहा, "या खेपेला काय बनवलंस? काय मोजलंस?" त्याला बांधावर न्या, चारी दाखवा, विहिरीवरची मोटर दाखवा आणि आपली अडचण त्याच्यापुढे ठेवा. इंग्रजी पुस्तकात हरवलेले पोर आपल्या रानात आले की त्याला वाट सापडायला मदत होते. आणि एखादा विषय राहिला म्हणून त्याला नालायक ठरवू नका. एका पेरणीला उगवण कमी झाली म्हणून आपण जमीन विकत नाही. दुबार पेरतो आणि पावसाकडे बघतो.